बिब्ब्याच्या फळ्या

"हात नका मोडू त्याचा, काम अर्धं हाय अजून," मागच्या पडवीत उभा असलेला गडी म्हणाला. मालकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. शेजारचा दुसरा तोंडावर हात धरून म्हणाला, "मंग डावा मोडतील. डाव्याला काय काम असतं रं."

दोघे हसले. त्या घरात गडीमाणसं अशीच हसत. मार दुसऱ्याला बसत असला की हसू येतं, हे मी तिथे राहायला आल्यावर शिकले.

अंगणात भुरभुर पाऊस होता. लाकडं फोडायच्या ओंडक्यापुढे मिस्त्रीला गुडघ्यांवर बसवलं होतं. त्याचा उजवा हात ओंडक्यावर पालथा ठेवून मनगटाशी बैलाच्या दाव्याने बांधला होता. काकांच्या हातात मिस्त्रीचाच लाकडी हातोडा होता. काकांच्या दोन्ही तळव्यांना फडकी गुंडाळलेली होती आणि त्या फडक्यांतून पिवळं पाणी पाझरत होतं.

मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी होते. अंगणात एवढी माणसं होती, पण नेमकं काय झालं ते दोघांनाच माहीत होतं. मिस्त्रीला आणि मला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडील पुण्याला रेल्वेत होते, त्यांनी मला ख्रिस्ती जोगिणींच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. ते गेले आणि थोरल्या काकांनी मला कर्जतला आणलं. काकांचा जंगलातल्या लाकडाचा ठेका होता. घर स्टेशनापासून पळसदरीच्या वाटेवर, मागे डोंगर. घाटात विजेची एंजिनं नुकतीच सुरू झाली होती आणि काकांना नव्या गोष्टींची हौस होती. त्यांनी कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात भिंतीला लागून बसवलेली कपाटं पाहिली आणि तशीच आमच्या स्वयंपाकघरात करून घेतली. सागाची, दारांना पितळी कड्या असलेली, वीतभर उंच पायांवर उभी.

मी घरात फार बोलत नसे. मराठी मला येत होतं, पण भीती वाटली की शब्द आधी इंग्रजीत सुचत आणि ते तिथे कोणाच्या उपयोगाचे नव्हते. काका म्हणत, "बोला की मडमीणबाई, की फी भरावी लागते बोलायची?" मग काकू हसत आणि मी मान हलवत असे. हो असेल तर हो, नाही असेल तरी बहुतेक हो. मान हलवली की माणसं पुढे निघून जातात.

काका मारत. गड्यांना, बैलांना, काकूंना. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, घराचं वर्णन म्हणून लिहिते आहे. त्यांच्या पायांच्या आवाजावरून मला कळायचं. वहाणा अंगणात काढल्या तर ठीक, वहाणांसकट ओटीवर आले तर कोणीतरी मार खाणार. त्यांना सुरुवात करता येत असे, थांबता येत नसे. माझ्या डाव्या भुवईवर एक व्रण आहे. लोक विचारतात तेव्हा मी पडले होते असं सांगते.

आषाढात एका सकाळी कपाटाखालून नाग निघाला. त्या वीतभर मोकळ्या जागेत तो रात्रभर चुलीच्या उबेला बसला असणार. काकूंनी हाक मारली ती मारण्यासाठी नव्हती, कोणीतरी त्याला काठीने बाहेर घालवावं म्हणून होती. काका मुसळ घेऊन आले. दुसऱ्या घावाला नाग मेला. काका मुसळ चालवत राहिले. फणा उरला नाही, मग अंग उरलं नाही, मग नुसती फरशी उरली आणि तीही तडकली, तेव्हा मुसळ त्यांच्या हातून निसटून भिंतीवर गेलं. नंतर त्यांनी हात धुतले आणि चहा मागितला.

काकू भ्याल्या होत्या, नागाला नाही, नाग घरात मारला गेला याला. नागपंचमीच्या आत कपाटांखालची ती पोकळी बंद झालीच पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला. म्हणजे पुन्हा कोणी आत यायला नको आणि पुन्हा कोणाला मारायला नको. काकांनी मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

मिस्त्री खालापूरकडचा, चौकजवळच्या मुसलमान वाडीतला. कपाटं त्यानेच केली होती. पण केली होती घर बांधत असताना. एकदा स्वयंपाकघरात चूल पेटल्यावर त्याचं पाऊल आत पडायचं नाही, हा काकूंचा नियम. त्यामुळे मापं घेतली मी. शाळेतली लाकडी पट्टी घेऊन मी कपाटांच्या पायांत उपडी पडले आणि मागच्या दाराशी येऊन त्याला आकडे सांगितले. त्याने ते पेन्सिलीने एका ढलपीवर लिहिले. एकदा त्याने मला परत पाठवलं. म्हणाला, फरशी सरळ नसते, दोन्ही टोकांना मापा. मी मापलं. एका टोकाला बोटभर फरक निघाला. तो खूश झाला. काकांच्या घरात कोणी माझ्यावर खूश झाल्याचं मला आठवतं ते तेवढंच.

लाकडं ठेवायच्या शेडमध्ये त्याने पाच फळ्या रंधून काढल्या. समोरची बाजू त्याने पटकन उरकली. वेळ घालवला तो मागच्या अंगावर आणि बुडाच्या कडेवर, जे भाग एकदा बसवल्यावर कोणालाही दिसणार नव्हते. मी दाराशी उभी राहून पाहत होते ते त्याच्या लक्षात आलं असावं. माझ्याकडे न पाहता त्याने सांगितलं की लाकूड कधी तोंडाकडून मरत नाही, बुडाकडून मरतं. बायका रोज फरशी धुणार, पाणी फळीखाली जाणार, तिथे वाळवी घर करणार. म्हणून बुड आधी बंद करायचं.

त्यासाठी त्याने बिब्बे आणवले. कळंबकडच्या डोंगरातली एक कातकरीण टोपलीभर घेऊन आली. तिचे हात कोपरापर्यंत काळे डागलेले होते. मिस्त्रीने तोंडाला, हातांना, मानेला खोबरेल तेल चोपडलं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसला आणि मडक्यात बिब्बे तापवून त्यांचं काळं तेल काढलं. त्यात अळशीचं तेल मिसळून काथ्याच्या कुंचल्याने फळ्यांच्या बुडाला आणि पाठीला पाजलं. पाजलं हा त्याचाच शब्द. शेडच्या जवळ कोणाला येऊ देईना. त्याच्या डाव्या दंडावर कोपरापासून वर कातडी आवळलेली होती, मेणासारखी. पोरवयात बिब्बा उतला होता, म्हणाला.

काम झालं तेव्हा काका जंगलात मुक्कामाला होते आणि मिस्त्रीला त्याच दिवशी चौकला एका घराच्या वाशांसाठी जायचं होतं. तो मागच्या दाराशी आला, उंबऱ्यापासून दोन हात लांब उभा राहिला.

"बाय, नीट आयका. उन्हाळा असता तर आठ दिवसांत वाळल्या असत्या. श्रावणात ऊन कुठलं? पंधरा दिवस धरा. मंग मी चुना घेऊन येतो. चुन्यानं बिब्बा मरतो. मंग राळ लावू, फटीत लांबीचा लगदा भरू, मंग बसवू. तवर हात लावायचा नाय. आणि चुलीपाशी तर नायच न्यायच्या. ऊब लागली की तो घाम सोडतो."

मी मान हलवली.

"मालकांना सांगा," तो म्हणाला. मी पुन्हा मान हलवली. आणि मला खरंच सांगायचं होतं. संध्याकाळी मी ते वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं, मराठीत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

काका सहाव्या दिवशी आले. नागपंचमीचा आदला दिवस होता. वहाणांसकट ओटीवर आले. गड्याने गाडीचा बैल सोडला होता पण बांधला नव्हता आणि तो कुंपण तुडवून शेजारच्या भाताच्या रोपात गेला होता. काकांनी गड्याला छत्रीने मारलं. हाच गडी, ज्याने नंतर हाताबद्दलचा विनोद केला. छत्रीचं कापड फाटलं, मग तारा सुट्या झाल्या, मग दांडा मोडला, आणि मोडल्या दांड्याचं टोक गड्याच्या खांद्यात गेलं. मी माजघराच्या दारात होते. काका धापा टाकत वळले. हातात ते टोक तसंच होतं.

"फळ्या झाल्या का गं?"

माझं वाक्य तयार होतं. ते घशापर्यंत आलं आणि इंग्रजी होऊन उलटं गेलं. मी मान हलवली.

काका म्हणाले, उद्या पंचमी, उद्या खिळा ठोकायचा नाही, आजच बसवून टाकू. मिस्त्रीला आत घ्यायचा नव्हताच, त्यामुळे ते स्वतःच शेडमध्ये गेले, फळ्या उचलून आणल्या, कपाटांखाली बसवल्या आणि पायांना खिळे ठोकले. दर खिळ्याला मी आत, माजघरात, दचकत होते. दोन फळ्या चुलीच्या अगदी शेजारी आल्या. पाठीचा काळा भाग आत गेला, समोरून नुसता साग दिसत होता. मोठं छान दिसलं. फळ्या आणि फरशी यांच्यामध्ये एक बारीक फट राहिली होती. त्या फटीत लांबी भरायची होती, ते मला माहीत होतं.

पंचमीला काकूंनी पाटावर चंदनाचा नाग काढला, दूध-लाह्या ठेवल्या, नाकं घासली. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून सगळं उकडायचं. काकू सकाळपासून चुलीपाशी बसून हळदीच्या पानांत पातोळ्या उकडत होत्या. दमल्या की मागे टेकत. पदर घामाने खांद्यावरून सरकलेला, उघडा दंड आणि पाठ फळीला लागलेली. फळीच्या फटीतून काळसर ओल येत होती. मी ती पाहिली. मला वाटलं, पाणी सांडलं असेल. नाही, मला तसं वाटलं नाही. मी स्वतःला तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना चेहरा उरला नव्हता. डोळे दोन चिरा झाले होते, ओठ उलटे झाले होते. पाठीवर आणि दंडावर फोडांचे घोस आले होते आणि ते फुटून पाणी जिथे जिथे ओघळलं तिथे नवे फोड. त्या नखांनी स्वतःला ओरबाडत होत्या. आम्ही त्यांचे हात खाटेला बांधले. काकांचे तळवे भाकरीसारखे फुगले. त्यांनी पहारीने पाचही फळ्या उचकटून अंगणात फेकल्या. त्याने त्यांच्या हातांची कातडी आणखी सोलवटली, आणि दुखलं तसे ते आणखी जोराने पहार चालवत राहिले. नाग मारताना तडकलेली फरशी त्या दिवशी पूर्ण फुटली.

तीन दिवस मी काकूंच्या अंगावर नारळाचं दूध कापसाने टिपत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिरांमधून माझ्याकडे पाहिलं आणि सुजलेल्या तोंडाने विचारलं, "मिस्त्री तुला काही म्हणाला होता का गं?"

मी कापूस पुन्हा बुडवला आणि टिपत राहिले.

काकांनी स्वतःपुरतं उत्तर शोधलं होतं. उंबऱ्याबाहेर उभं केलं याचा मिस्त्रीने सूड घेतला, ओल्या बिब्ब्याच्या फळ्या तयार म्हणून गळ्यात मारल्या. गडी म्हणाले, हो, असंच असणार. त्यांना काय, काकांचा राग दुसरीकडे वळलेला हवा होता. चौथ्या दिवशी दोन माणसं चौकला गेली. मिस्त्रीला इतकंच सांगितलं की मालकांनी फळ्यांसाठी बोलावलंय.

तो दुपारी आला, आपल्या पायांनी. खांद्याला हत्यारांची पिशवी, डोक्यावर इरलं, आणि इरल्याच्या आत काखेत कोरडं राहील असं धरलेलं एक गाठोडं. पंधरा दिवस भरायला अजून चार-पाच दिवस होते, पण मालकांना घाई असेल असं समजून तो चुना घेऊन आला होता. अंगणात चिखलात पडलेल्या फळ्या त्याने पाहिल्या. त्यांना खिळे लागलेले पाहिले. आणि त्याने जे पहिलं वाक्य उच्चारलं, ते कोणाही कारागिराने उच्चारलं असतं.

"ह्या बसवल्या कोणी?"

काकांनी त्याच्या तोंडावर पहारीचं टोक मारलं नाही, पहार आडवी मारली, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. तो पडला. गाठोडं सुटलं. कळीचा चुना ओल्या जमिनीवर पसरला आणि फसफसत, वाफा सोडत फुटायला लागला. गडी मागे सरकले. मग काकांनी लाथा मारल्या. पोटात, कमरेत, पुन्हा पोटात. दर लाथेला काकांच्याच तोंडून ओरडणं निघत होतं, कारण तोल सांभाळायला ते फडक्यातला हात खांबावर टेकत होते. मिस्त्री ओरडत नव्हता. तो डोकं आत घेऊन, गुडघे छातीशी ओढून, चुन्यापासून लांब जाण्याचा प्रयत्न करत होता.

"तयार आहेत म्हणून सांगितलंस."

"मी नाय सांगितलं. पंधरा दिवस सांगून गेलो."

"कोणाला?"

मिस्त्रीने मान वर केली. त्याच्या भुवईतून रक्त डोळ्यात येत होतं. त्याने दाराकडे पाहिलं, मला पाहिलं, आणि पुन्हा जमिनीकडे पाहिलं.

त्याने नाव का घेतलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्याला दया आली असेल. की परक्या घरातल्या लग्नाच्या मुलीशी मागच्या दाराला बोलत होतो, हे कबूल करणं त्याच्यासाठी फळ्यांपेक्षा मोठं मरण होतं? मला ठाऊक नाही. त्या वेळी मला एवढंच कळलं की तो गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्यात मी सुरक्षित होते. आणि मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं.

"कोणाला सांगितलंस? भिंतीला?" काका म्हणाले. मग ते थोडे शांत झाले. ते शांत होणं लाथांपेक्षा वाईट होतं. त्यांनी गड्यांना दावं आणायला सांगितलं. मिस्त्रीच्या पिशवीतून लाकडी हातोडा काढला, दोन्ही फडक्यांत धरून तोलून पाहिला. म्हणाले, माझे हात गेले, आता ह्याचा जाईल. ज्या हाताने पाजलं तोच.

त्या उजव्या हातावर त्याचं घर चालत होतं. चार बोटं आणि अंगठा. ती बोटं मी पाहिली होती, रंधलेल्या फळीच्या पाठीवरून फिरताना, कुठे खरखर राहिली आहे ते शोधताना. पाठीवरून, जी कोणालाही दिसणार नव्हती.

तेव्हा गड्याने तो विनोद केला. काम अर्धं हाय अजून. खांद्याला अजून पट्टी होती त्याच्या.

काकांनी हातोडा एकदा हवेत फिरवून अंदाज घेतला. मुसळाच्या वेळी घेतला होता तसाच. पहिला घाव पडला की ते थांबणार नाहीत, हे मला अंगणातल्या कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. मिस्त्रीने डोळे मिटले. त्याची बोटं ओंडक्यावर पसरली, मग मुडपली, मग पुन्हा पसरली, जणू कसं ठेवलं तर कमी लागेल ते त्याला ठरवता येत नव्हतं.

माझ्यामागे काकू उठून बसल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

मी उंबरा ओलांडला. पायांत वहाणा नव्हत्या, शेवटच्या पायरीखाली पसरलेला चुना पायाला लागला आणि भाजलं. ओंडक्याजवळ गेले. मला काकांच्या हाताला धरायचं होतं, पण त्यांच्या हाताला धरण्यासारखी जागा उरली नव्हती, म्हणून मी माझा हात मिस्त्रीच्या हातावर ठेवला. तो गार होता. काकांनी मला बाजूला हो म्हटलं. मग ओरडून म्हटलं. वाक्य पुन्हा इंग्रजीत आलं, ते मी गिळलं, आणि दुसरं येईपर्यंत तिथेच उभी राहिले.

"काका, मिस्त्री मला सांगून गेले होते. पंधरा दिवस. चुन्याचंही सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला सगळं आठवत होतं. मी तुम्हाला भ्याले."